‘हातात किती हवेत ते सांगा’ : पहिल्यांदा घर विकताना एजंट कसा निवडावा

पहिलं घर विकायला काढलं तेव्हा आलेला पहिला एजंट खुर्चीत नीट टेकायच्या आतच म्हणाला, "तुम्हाला हातात किती हवेत तेवढं सांगा. वरचं मी बघतो." मला तो माणूस भलताच आवडला. घासाघीस नाही, हिशोबाची कटकट नाही. मी आकडा सांगून मोकळी झाले. घर महिन्याभरात गेलं, मला माझा आकडा मिळाला आणि 'वरचं' नेमकं किती होतं ते सगळं पार पडल्यावर खरेदीदाराच्या तोंडून कळलं. तो आकडा इथे लिहीत नाही. अजूनही आठवला की झोप उडते.

त्यानंतर आई-वडिलांचं घर विकलं, आणि बहिणीच्या घराच्या वेळी एजंटशी सगळी बोलणी माझ्याकडेच होती. तेवढ्या शिदोरीवर हे लिहितेय. ज्या क्रमाने गोष्टी तुमच्यासमोर येतील, त्याच क्रमाने.

सगळ्याच्या आधी एक गणित

समजा घर १०० ला जातंय आणि दलाली २ टक्के आहे. चलन आणि शून्यं तुमच्याकडची लावा. एजंटला २ मिळतात. आता अजून महिनाभर थांबलात आणि १०५ देणारं गिऱ्हाईक आलं, तर दलाली वजा जाता तुमच्या खिशात ४.९० जास्त पडतात. एजंटच्या खिशात जास्तीचे पडतात ०.१०. तो कुणाच्या ऑफिसात काम करत असेल तर त्यातलाही वाटा वर जातो. त्या दहा पैशांसाठी त्याने महिनाभर घर दाखवत फिरायचं, की आज १०० ला उरकून दुसऱ्या घराच्या मागे लागायचं? त्याच्या जागी मी असते तरी मीही उरकलं असतं.

हे नुसतं माझं कागदी गणित नाही. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या उपनगरांतल्या सुमारे १ लाख घरविक्र्या तपासल्या. त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते गिऱ्हाइकांच्या तशाच घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत पदरात पाडतात, असं त्यांना दिसलं. थांबल्याने काय मिळतं हे त्यांना चांगलंच ठाऊक असतं. फक्त आपल्या घरासाठी थांबणं त्यांना परवडत नाही.

म्हणून एजंटला चोर समजू नका, आणि घरचा माणूसही समजू नका. व्यवहार व्हावा इथपर्यंत तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात. कितीला व्हावा, या प्रश्नावर तुमच्या वाटा हळूहळू फुटतात. कुठे फुटतात ते बघत बघत पुढे जाऊ.

घरातलं आधी उरका

एजंटला फोन करण्यापूर्वी कागद जमवा. मालकी कोणाकोणाच्या नावावर आहे, कर्ज किती उरलंय, फेडल्यावर बोजा उतरायला किती दिवस लागतात, कर आणि देखभालीची थकबाकी किती. आमच्या आई-वडिलांच्या घराच्या एका जुन्या कागदावर आईचं नाव माहेरच्या आडनावाने होतं. ते दुरुस्त करण्यात सहा आठवडे गेले, आणि तोवर आधीचं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं होतं.

सहमालक असतील तर सगळ्यांची संमती लेखी घ्या. भावंडांपैकी एकजण जरी "बघू" म्हणत असेल तर घर बाजारात काढू नका. त्या "बघू"चा निकाल गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना लावायची वेळ येते, आणि मग सगळ्यांचाच तोल जातो.

शेवटी दोन गोष्टी कागदावर लिहा: ज्याच्या खाली विकायचं नाही तो आकडा, आणि ज्या तारखेच्या आत पैसे हातात हवेत ती तारीख. कागद कपाटात ठेवा. एजंटला यातलं काही सांगायचं नाही, कितीही गोड बोलला तरी.

खालचा आकडा ठरवताना आपण स्वतः घर कितीला घेतलं होतं हे डोक्यातून काढायला फार जड जातं. डेव्हिड जेनेसोव आणि क्रिस्टोफर मेयर यांनी बोस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीवर केलेला अभ्यास २००१ साली आला. ज्यांना तोट्यात विकावं लागणार होतं ते मालक आपली खरेदीची किंमत आणि आताचा अपेक्षित भाव यांतल्या फरकाच्या २५ ते ३५ टक्क्यांइतकी मागणी चढवून ठेवत. त्यातलं थोडंफार त्यांना मिळेही, पण घरं जास्त दिवस पडून राहत. तुम्ही कितीला घेतलं याच्याशी खरेदीदाराला काही देणंघेणं नसतं. फरशी बदलायला किती खर्च आला याच्याशी तर त्याहून नाही.

गिऱ्हाईक बनून फोन करा

तीन एजंटना बोलवा. एकाने भागत नाही, आणि पाच-सहा झाले की सगळे एकसारखे वाटायला लागतात. नावं मिळवायला तुमच्याच भागात, तुमच्यासारखंच घर अलीकडे विकलेल्या लोकांना विचारा. "एजंट चांगला होता का?" असं विचारलंत तर "हो, चांगला होता" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा: आधी मागणी किती लावली होती, शेवटी कितीला गेलं, किती दिवस लागले, आणि सौदा अडला तेव्हा तो फोन उचलत होता का?

मग सगळ्यात उपयोगी चाचणी. त्या एजंटच्या एखाद्या जाहिरातीवर खरेदीदार म्हणून फोन करा. किंवा एखाद्या मित्राला करायला सांगा, म्हणजे नंतर अवघडल्यासारखं होणार नाही. किती वेळाने उलट फोन येतो? घराची माहिती त्याला तोंडपाठ आहे, की "बघून सांगतो"? तुमचं बजेट, कर्जाची तयारी, घर कधीपर्यंत हवंय हे तो विचारतो का? खरेदीदाराची चौकशी न करणारा एजंट तुमच्या दारात हौशी बघे आणून उभे करतो.

आणि मग सहज म्हणून विचारा, "मालक किती खाली येतील हो?" बहिणीच्या घराच्या वेळी मी हा प्रश्न तिघांना विचारला. एकजण लगेच म्हणाला, "मालकाला घाई आहे, बाहेरगावी बदली झालीय, तुम्ही दहा टक्के कमी सांगून बघा." कुणा अनोळखी माणसाची अडचण त्याने मला अर्ध्या मिनिटात विकून टाकली. दुसरा म्हणाला, "ऑफर लेखी द्या, मी त्यांच्यापर्यंत पोचवतो." काम आम्ही दुसऱ्याला दिलं.

परवाना किंवा नोंदणी जिथे कायद्याने लागते तिथे क्रमांक मागा आणि सरकारी यादीत स्वतः पडताळून घ्या. भारतात २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्यानंतर नोंदणीकृत प्रकल्पांतल्या घरांचे व्यवहार करणाऱ्या एजंटला नोंदणी लागते. क्रमांक खरा निघाला म्हणजे माणूस चांगला असं होत नाही. तो खोटा निघाला तर मात्र विषय तिथेच संपला.

आकडा आधी कोणी बोलायचा?

एजंट घर बघायला येतो, खोल्या फिरतो, खिडकीतून बाहेर बघतो आणि विचारतो, "तुमची अपेक्षा काय आहे?" इथे गप्प बसायचं. "तुम्ही रोज हेच करता, तुम्हीच सांगा."

यामागे कारण आहे. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एक प्रयोग केला होता, तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. अनुभवी एजंटना एकच घर दाखवलं, माहितीची तीच फाइल दिली, फक्त त्यातली मागणीची किंमत वेगवेगळी ठेवली. प्रत्येकाचा अंदाज त्याला दाखवलेल्या आकड्याकडे सरकला. गंमत म्हणजे बहुतेकांना वाटत होतं की त्या आकड्याचा आपल्यावर काही परिणाम झालेला नाही. तुम्ही आधी आकडा बोललात, तर तुमचाच आकडा थोडा सजवून तुम्हाला परत मिळतो.

मी तिघांना एकच प्रश्न तीन तुकड्यांत विचारते. जाहिरातीत किती लावाल? खरोखर कितीला जाईल? आणि महिन्याभरात विकायचंच झालं तर किती? या तीन उत्तरांमधलं अंतर बघितलं की माणूस विचार करून बोलतोय की तुम्हाला खूश करतोय ते कळतं. मग पुरावा मागा: आसपासची, तशीच, गेल्या काही महिन्यांत *विकली गेलेली* घरं आणि त्यांच्या *ठरलेल्या* किमती. चालू जाहिरातींतल्या किमती दाखवल्या तर त्या बाजूला सारा. मागायला कोणी काहीही मागतो.

तिघांत एकाचा आकडा बाकी दोघांपेक्षा पुष्कळ वर असेल, तर नवखा माणूस त्याच्याकडेच ओढला जातो. आई-वडिलांच्या घराच्या वेळी वडीलही ओढले गेले. "याला आपल्या घराची किंमत कळलीय," म्हणाले. हा धंद्यातला जुना डाव आहे. मोठा आकडा सांगून काम मिळवायचं, करारावर सही घ्यायची, आणि पाच-सहा आठवड्यांनी "मार्केट थंड आहे" म्हणत तुम्हाला खाली आणायचं. तोवर बाकीचे दोघं तुमच्या हातून गेलेले असतात. त्याच्या आकड्यामागे पुरावा असेल तर जरूर ऐका. नुसता उत्साह असेल तर नमस्कार करा.

त्याच भेटीत आणखी चार गोष्टी विचारून घ्या. सध्या हातात किती घरं आहेत? फोन कोण घेणार, तुम्ही की ऑफिसातला पोरगा? घर दाखवायला स्वतः येणार का? गेल्या वर्षी किती घरं विक्रीविना परत गेली? शेवटच्या प्रश्नावर "एकही नाही" असं उत्तर आलं तर ते खरं नाही.

कराराचा कागद

बरेच व्यवहार नुसत्या बोलण्यावर चालतात आणि बरेच सुरळीत पारही पडतात. तरीही एक पानाचा का होईना, करार हवाच. भांडण होतं ते दलाली द्यायची वेळ आल्यावर, आणि तेव्हा कोणालाच काही आठवत नाही.

पहिला प्रश्न: घर एकालाच द्यायचं की अनेकांना? अनेकांना दिलं की जास्त लोकांपर्यंत पोचेल असं वाटतं. प्रत्यक्षात एकच घर चार जाहिरातींत, चार किमतींना, चार वेगवेगळ्या फोटोंसह दिसायला लागतं, आणि खरेदीदाराला वाटतं की मालक अगदी टेकीला आलाय. शिवाय आपल्याला मिळेलच याची खात्री नसताना कोणताच एजंट त्या घरावर वेळ आणि पैसा घालत नाही. माझं मत: एकालाच द्या, पण थोड्या मुदतीसाठी. आठ ते बारा आठवडे पुरेत. सहा महिने मागितले तर "आधी तीन महिने बघू, काम आवडलं तर वाढवू" म्हणा. मुदत आपोआप वाढेल असं कलम असेल तर ते खोडा.

एकालाच द्यायच्या कराराचेही दोन प्रकार असतात, आणि यातच लोक फसतात. एकात बाकी एजंट बाद होतात, पण तुम्ही स्वतः गिऱ्हाईक शोधलंत तर दलाली लागत नाही. दुसऱ्यात विक्रीचा सगळा हक्कच त्याच्याकडे जातो. उद्या तुमच्या मावसभावाने घर घेतलं तरी दलाली द्यावी लागते. सही करण्यापूर्वी स्पष्ट विचारा, "माझ्या नात्यातल्या माणसाने घेतलं तर?" उत्तर तोंडी नको, कागदावर हवं. आधीपासून कोणी रस दाखवला असेल तर त्यांची नावं करारात वगळून घ्या.

मग शेपटाचं कलम. करार संपल्यावरही, एजंटने आणलेल्या माणसाने ठरावीक काळात घर घेतलं तर दलाली लागू होते. हे रास्तच आहे, नाहीतर लोक करार संपायची वाट बघून एजंटला डावलतील. फक्त काळ दोन-तीन महिन्यांचा असू द्या, आणि 'आणलेला माणूस' म्हणजे कोण ते लिहून घ्या: ज्याला त्याने प्रत्यक्ष घर दाखवलं तो. नुसती जाहिरात पाहिलेला प्रत्येकजण त्यात यायला नको. करार संपताना अशा लोकांची नावनिशीवार यादी मागून घ्या. हे कलम नीट न वाचल्याने एकाच घराची दलाली जुन्या आणि नव्या अशा दोन्ही एजंटना द्यावी लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

दलाली कधी द्यायची, हेही लिहा. खरेदी पूर्ण होऊन पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात आल्यावर, ही माझी अट असते. काही करारांत "घ्यायला तयार आणि समर्थ असं गिऱ्हाईक आणून दिलं" एवढ्यावरच दलाली देय होते. म्हणजे तुम्ही ऐनवेळी विकायचं रद्द केलंत तरी बिल येतं. दलालीवर कर वेगळा आहे का, फोटो आणि जाहिरातीचा खर्च कोणाचा, मध्येच काम काढून घेतलं तर काही द्यावं लागतं का, हे तीन प्रश्न सहीच्या आधीच विचारा. नंतर त्यांना भांडणाचा वास येतो.

आणि हितसंबंध. तो समोरच्या पार्टीकडूनही दलाली घेणार आहे का? काही ठिकाणी ही रोजची रीत असते, काही ठिकाणी दोघांची लेखी संमती लागते. तुमच्याकडे काहीही चालत असो, तुम्हाला ते माहीत असायला हवं. दोन्हीकडून घेणारा माणूस तुमच्यासाठी जीव तोडून भाव वाढवेल ही अपेक्षा सोडा. तो फार तर निरोप्या. तसंच, घर तो स्वतः, त्याचा नातेवाईक किंवा भागीदार घेत असेल तर त्याने आधी लेखी सांगावं, अशी एक ओळ घाला. ब्रिटनमध्ये १९७९ च्या इस्टेट एजंट कायद्याने असा स्वतःचा हितसंबंध उघड करणं बंधनकारक आहे. तुमच्याकडे तसा कायदा नसला तरी करारात ओळ घालायला कोणाची आडकाठी नसते.

सुरुवातीच्या माझ्या चुकीकडे येते. "हातात किती ते सांगा, वरचं माझं" या पद्धतीला अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कायद्यानेच मनाई आहे, आणि कारण उघड आहे. तुमच्या घराची खरी किंमत तुम्हाला न कळण्यात एजंटचा थेट फायदा असतो. हे कोणी म्हणालं की हसून सांगा, "नाही, टक्क्यांवरच काम करू."

एक शेवटचं आणि बिनतडजोडीचं: एजंटच्या नावे मुखत्यारपत्र नाही, कोऱ्या कागदावर सही नाही, मूळ कागद त्याच्या ताब्यात नाहीत. झेरॉक्स द्या, आणि तिच्यावर ती कशासाठी दिलीय ते लिहून द्या.

दलालीची घासाघीस

करा, पण जपून. पहिल्याच झटक्याला स्वतःची दलाली निम्मी करणारा एजंट तुमच्या घराचा भाव कितीसा धरून ठेवणार?

कमी टक्क्यांपेक्षा मला पायऱ्यांची दलाली जास्त पटते. वरच्याच उदाहरणात, १०० पर्यंत दीड टक्का आणि १०० च्या वर जे येईल त्याचे १० टक्के. घर १०० ला गेलं तर त्याला १.५० मिळतात. १०५ ला गेलं तर २.०० मिळतात. सरसकट २ टक्क्यांत त्या वरच्या ५ साठी त्याला ०.१० मिळत होते, इथे ०.५० मिळतात. तुमचा एकूण खर्च उलट थोडा कमीच होतो, आणि त्याला थांबायला कारण मिळतं. यात मेख एकच: पायरी कुठे लावायची. ९० ला लावलीत तर जे सहज मिळणारच होतं त्यातून तुम्ही १० टक्के देऊन बसाल. म्हणून तीन अंदाज हातात आल्यावरच हे बोलणं काढा. सगळे एजंट तयार होत नाहीत. जो तयार होतो त्याचा स्वतःच्या अंदाजावर विश्वास आहे एवढं नक्की.

जाहिरात आणि पहिले पंधरा-वीस दिवस

नवीन घर जाहिरातीत आलं की महिनोन्महिने शोधत असलेले सगळे ते एकदम बघतात. त्यानंतर फक्त नव्याने बाजारात येणारे बघतात. त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घर जितक्यांच्या नजरेला पडतं तितकं पुन्हा कधी पडत नाही. "आधी चढी लावू, मग कमी करता येईल" हा सल्ला म्हणूनच महागात जातो. कमी कराल तेव्हा बघणारे निघून गेलेले असतात आणि उरलेले विचारतात, "इतके दिवस का पडून आहे?"

वेबसाइटवर लोक किमतीची मर्यादा घालून शोधतात. मर्यादा १०० ची असेल आणि तुमची मागणी १०१ ची, तर त्या माणसासाठी तुमचं घर नाहीच. गोल आकड्याच्या जरा वर किंमत ठेवण्याचा मोह टाळा.

फोटो दिवसा काढायला लावा, पडदे उघडून, पसारा आवरून. जाहिरातीचा मजकूर प्रसिद्ध होण्याआधी स्वतः वाचा. आमच्या जाहिरातीत बाल्कनीची 'गच्ची' झाली होती आणि पहिली चार गिऱ्हाइकं गच्ची शोधत परत गेली.

घरातले दोष एजंटला सांगा. ओल येते, शेजाऱ्याशी पार्किंगवरून वाद आहे, एक बांधकाम परवानगीविना झालंय. शेवटी ते बाहेर येतंच, आणि सौदा ठरल्यावर आलं की भाव दुप्पट पडतो. घराच्या अडचणी सांगायच्या, स्वतःच्या सांगायच्या नाहीत. बदली, घटस्फोट, कर्जाचा तगादा, दुसरं घर आधीच घेऊन ठेवलंय, यातलं काही त्याच्या कानावर गेलं तर ते समोरच्याच्या कानावर गेलंच म्हणून समजा.

घर दाखवताना

शक्यतो घरात थांबू नका. मालक समोर असला की लोक कपाटं उघडत नाहीत आणि मनातलं बोलत नाहीत. तुम्हीही आठवणी सांगत बसता. किल्ली एजंटकडे दिलीत तर कोण, कधी, कोणाबरोबर आलं याची नोंद मागा आणि दागिने, कागदपत्रं, औषधं हलवून ठेवा.

दर आठवड्याला एक ठरलेला फोन असू द्या. त्यात तीन आकडे: किती जणांनी चौकशी केली, किती जण बघून गेले, किती जणांनी ऑफर दिली. "रिस्पॉन्स चांगला आहे" याला अर्थ नाही. आकड्यांवरून दुखणं कळतं. चौकशाच नसतील तर किंमत किंवा जाहिरात चुकलीय. लोक बघून जातात पण बोलत नाहीत, तर फोटोत एक आणि घरात दुसरं असं काहीतरी आहे. ते जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा, एजंटच्या भाषांतरात नको. ऑफर येतात आणि मोडतात, तर बहुधा कागदांत खोट आहे किंवा गिऱ्हाईक चाळून घेतलं जात नाहीये.

किंमत उतरवायचीच झाली तर एकदाच, डोळ्यांत भरेल इतकी उतरवा. दर आठवड्याला अर्धा-एक टक्का खाली येत राहिलात तर खरेदीदार पुढच्या आठवड्याची वाट बघतो.

ऑफर आल्यावर

प्रत्येक ऑफर तुमच्यापर्यंत आली पाहिजे, लेखी. मेसेजवर आली तरी चालेल. कमी म्हणून एजंटने स्वतःच परत पाठवलेली ऑफर कधी कधी पुढे वाढणारी असते.

आकड्याच्या आधी माणूस बघा. पैसे तयार आहेत का? कर्ज बँकेने तत्त्वतः मंजूर केलंय का, की अजून अर्जच करायचाय? त्याला आधी स्वतःचं घर विकायचंय का? १०३ देणारा, पण स्वतःच्या घराला गिऱ्हाईक मिळायची वाट बघणारा. आणि १०० देणारा, कर्जमंजुरीचं पत्र हातात घेऊन आलेला. मी दुसऱ्याला दिलं होतं. आजही तेच करेन.

"दुसरी पार्टी पण आहे, आज हो म्हटलं नाही तर हे जातील." हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल, आणि खरेदीदारालाही तेच ऐकवलं जात असेल. कधी ते खरं असतं, कधी ती पार्टी फक्त एजंटच्या तोंडात राहते. दोन्ही वेळा उत्तर एकच: "उद्या संध्याकाळपर्यंत सांगते." खरं गिऱ्हाईक एक रात्र थांबतं.

टोकन किंवा विसाराची रक्कम तुमच्या खात्यात, किंवा कायदा सांगेल तशी त्रयस्थ खात्यात. एजंटच्या वैयक्तिक खात्यात कधीच नाही. पावतीवर लिहा: कशापोटी, किती दिवसांसाठी, आणि कोणी माघार घेतली तर तिचं काय.

सौदा ठरला, पण झाला नाही

इथे अनेक एजंट ढिले पडतात, आणि खरा कस इथेच लागतो. बँकेचा माणूस पाहणीला कधी येणार, वकिलाने मागितलेला कागद कोण देणार, तारीख का पुढे गेली, या सगळ्याच्या मागे कोणीतरी लागावं लागतं. करार करतानाच "खरेदी होईपर्यंत पाठपुरावा माझा" असं त्याच्याकडून लिहून घ्या. वकील मात्र तुमचा तुम्ही निवडा. एजंटने सुचवलेला वकील चांगलाही असेल, पण त्याला पुढचं कामही एजंटकडूनच मिळणार असतं.

सह्यांच्या दोन दिवस आधी खरेदीदार "अजून दोन टक्के कमी करा" म्हणतो तेव्हा गडबडू नका. कधी तपासणीत खरंच काही निघालेलं असतं. मग दुरुस्तीचा खर्च काढून तेवढ्यावर बोला. बाकी वेळा तुम्ही दमलात हे ओळखून टाकलेला तो खडा असतो. गणित आठवा: ते दोन टक्के तुमचे जवळजवळ दोन आहेत आणि एजंटचे ०.०४. "देऊन टाका, कशाला ताणताय" असं तो म्हणणारच. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या गिऱ्हाइकाशी बोलणं तोपर्यंत तुटू देऊ नका.

एजंट काम करत नसेल तर आधी लेखी सांगा, नेमकं काय होत नाहीये ते आणि दोन आठवड्यांची मुदत. सुधारला नाही तर करारातल्या नोटिशीप्रमाणे काढा आणि यादी घ्या. दुसऱ्याकडे गेलात तर फोटोही नवे काढा.

पैसे आले की दलाली त्याच दिवशी द्या, बँकेतून, पावती घेऊन. पाणी-विजेच्या मीटरचे आकडे आणि किती किल्ल्या दिल्या ते खरेदीदाराच्या सहीने लिहून घ्या. आणि एजंटला सगळ्या वेबसाइटवरची जाहिरात काढायला सांगा, काढली का ते स्वतः बघा. बहिणीचं घर जाऊन चार महिने झाले तरी तिच्या फोनवर संध्याकाळी कोणीतरी विचारायचं, "घर आहे का अजून?" ती पहिले काही दिवस सविस्तर उत्तर द्यायची. नंतर तिने त्या एजंटचाच नंबर द्यायला सुरुवात केली, आणि दोन दिवसांत जाहिरात निघाली.